काकांना दिसलेली कुत्री

मी कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवते. पणजोबांनी बेंगळुरूच्या जुन्या पेठेत भांड्यांचं दुकान टाकलं तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मारतहळ्ळीच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा शेजाऱ्यांच्या आग्रहावरून रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये एक वर्ग सुरू केला. ज्या ग्रीकांचे पुतळे असतात ते सोडून बाकीचे, असं त्याचं स्वरूप होतं. सोफिस्ट, सिनिक, सायरीनचे सुखवादी, मेगाराचे तर्कटी, संशयवादी. ज्यांचं लिखाण बुडालं आणि जे आता इतरांनी केलेल्या खंडनातून किंवा टिंगलीतूनच आपल्याला कळतात, असे लोक.

गर्दी कधीच नव्हती. पण दोघं जण रविवार चुकवत नसत. एक म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधले काका. नागपूरकडचे, विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. मला ते 'बाई' म्हणत. दुसरी पुण्याची एक मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, आमच्याच इमारतीत भाड्याने राहणारी. मागच्या रांगेत बसायची आणि दर पाच मिनिटांनी हात वर करायची. सोसायटीत तिला सगळे ओळखायचे ते वेगळ्या कारणासाठी. आवारातल्या भटक्या कुत्र्यांना ती रोज भात आणि कोंबडीच्या माना घालायची. त्यावरून लोक तिच्याशी भांडत. सिनिकांना त्यांचे शत्रू 'कुत्रे' म्हणत आणि त्यांनी ती शिवी अभिमानाने मिरवली, हे मी सांगितलं तेव्हा ती ओरडलीच, "मॅम, हे माझे लोक!"

काकांना सोफिस्ट आवडले. जे ज्याला जसं दिसतं ते त्याच्यापुरतं तसंच असतं. वारा एकाला गार, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही बरोबर. काका म्हणाले, "बाई, मी जन्मभर सुताइतका फरक मोजत आलो. माझं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळलं नाही तर विमान पडायचं. आता म्हातारपणी कुणीतरी म्हणतंय, तुमचं माप तुमच्यापुरतं खरं. किती हलकं वाटतं म्हणून सांगू!"

मी त्यांना नेहमीचा आक्षेप सांगितला. सगळ्यांचंच मत खरं असेल, तर 'तुमचं मत खोटं आहे' हे दुसऱ्याचं मतही खरंच ठरतं. मग सोफिस्ट स्वतःच्याच जाळ्यात सापडतो. काका हसले. "त्याच्यापुरतं खोटं हो. माझ्यापुरतं नाही."

त्याच्या पुढच्या रविवारी सायरीनचे सुखवादी निघाले. मला गोड लागलं एवढंच मला कळतं, मध गोड आहे की नाही ते कळत नाही, आणि तुम्हाला काय लागलं ते तर मुळीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकांना ते पटेना. दाराबाहेर उभ्या बायकोकडे बोट दाखवत ते म्हणाले, "म्हणजे हिचं डोकं दुखतंय हे मला कळत नाही?"

"सायरीनवाले म्हणतील, नाही कळत."

"मग त्यांची लग्नं झाली नसणार," काका म्हणाले. सगळे हसले. काकू वर्गाला बसत नसत, पण बाहेर सगळ्यांसाठी चिवडा घेऊन उभ्या असत. त्यांनाही ते ऐकू गेलं. "यांना माझं डोकं दुखलेलं चहा मिळाला नाही की कळतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्याच आठवड्यात ती सकाळ आली.

कॉलेज लांब, हेब्बाळच्या बाजूला, त्यामुळे मला पहाट सरता सरता निघावं लागतं. पार्किंगमधून जाताना जनरेटरच्या खोलीपाशी पुण्याच्या मुलीची म्हातारी कुत्री झोपली होती. तपकिरी, मागचा एक पाय लंगडा, नसबंदीची खूण म्हणून कानाचा कोपरा कापलेला. मी जवळून गेले तशी तिने एक डोळा उघडला आणि मिटला. मी फाटकाबाहेर पडून गल्लीला वळले आणि काकूंची किंकाळी ऐकली.

पुढे रिकामा प्लॉट आहे. कोंबडीच्या दुकानाचा कचरा तिथे पडतो. काकू रोज त्याच वाटेने फुलवालीकडे जात, साडीवर पांढरे बूट घालून. त्या खाली पडलेल्या होत्या आणि चार-पाच कुत्री त्यांच्यावर होती. एकाने पदर तोंडात धरून मागे ओढला होता. एक काळं, मोठं, त्यांच्या उजव्या हाताला लागलं होतं आणि मान झटकत होतं, जसं ओल्या कापडाचा पिळा झटकावा तसं. काकूंचं तोंड उघडं होतं, पण आता आवाज येत नव्हता.

माझ्या पिशवीत जेवणाचा स्टीलचा डबा होता. पिशवी फिरवून मी त्या काळ्याच्या डोक्यात घातली. त्याने हात सोडला नाही. पुन्हा घातली. तेवढ्यात माझ्या पोटरीत काहीतरी शिरलं. दुखलं नाही, फक्त गरम वाटलं. मी वेड्यासारखी ओरडत होते, मराठीत, कन्नडमध्ये, काय ते आठवत नाही. फुलवालीने फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बादली आणून कुत्र्यांवर ओतली आणि मग ती रिकामी बादलीच हाणू लागली. एक रिक्षावाला हॉर्न दाबून धरत थेट अंगावर रिक्षा घालत आला. तेव्हा कुठे ती पांगली. काळं सगळ्यात शेवटी गेलं, चालत, मागे वळून बघत.

काकूंच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत हात म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. कातडं एका बाजूला गोळा झालं होतं. गालावर दातांच्या खोल खुणा, त्यातून रक्त मानेवर. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या म्हणाल्या, "माझं पातळ नीट कर गं. माणसं बघतायत."

इस्पितळात जखमा साबणाच्या पाण्याने धुतल्या, बराच वेळ. मग लसीशिवाय एक सीरम द्यावं लागतं. ते दंडात देत नाहीत, जखमेच्या आतच सुया मारून भरतात, प्रत्येक भोकात. माझ्या पोटरीत दिलं तेव्हा मी पलंगाची कड इतकी घट्ट धरली की नख तुटलं. काकूंना तर हातभर आणि गालात. पडद्याच्या आतून त्यांचा जो आवाज आला तो मी आधी कुणा माणसाचा ऐकलेला नव्हता. पडद्याबाहेर काका उभे होते. डाव्या हाताने स्वतःचाच उजवा हात त्यांनी कोपराखाली आवळून धरला होता, आणि आत ओरडणं वाढलं की त्यांची बोटं आणखी रुतत.

काकूंवर पुढे दोन शस्त्रक्रिया झाल्या. मांडीचं कातडं काढून हाताला लावलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र वेगळीच लढाई पेटली. कुणी काकूंच्या हाताचा फोटो टाकला. कुणी लिहिलं, खायला घालणाऱ्यांना आधी हाकला. पुण्याच्या मुलीने लिहिलं की गल्लीतली ती टोळी कचऱ्यावर जगते, ती त्यांना घालत नाही. तिची कुत्री आवारातली, लस टोचलेली. त्यावर बी ब्लॉकमधल्या एका गृहस्थाने लिहिलं, "आधी हिलाच पट्टा बांधा." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ती इस्पितळात काकूंना भेटायला आली होती. काकांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

रविवार आला. वर्ग होईल असं मला वाटत नव्हतं, तरी मी लंगडत क्लबहाउस उघडायला गेले. ती मुलगी आधीच येऊन बसली होती. हातात तिचं स्टीलचं भांडं होतं, वर्गानंतर कुत्र्यांना घालायचं. "मॅम, आज मेगारावाल्यांचं आहे ना?" ती म्हणाली. मेगाराचे लोक म्हणत, जे आत्ता घडतंय तेवढंच शक्य असतं. घर न बांधणारा गवंडी त्या क्षणी घर बांधूच शकत नाही. मी फळ्याकडे वळले तोच पार्किंगमधून आवाज आला. लोखंड मऊ कशावर तरी आपटल्याचा. मग कुत्र्याचा आवाज. मग पुन्हा लोखंडाचा.

आम्ही धावलो. जनरेटरच्या खोलीपाशी काका होते. अंगात घरातला सदरा-लेंगा, हातात नळाचा लोखंडी पाइप. म्हातारी कुत्री भिंतीच्या कोपऱ्यात अडकली होती. मागचे पाय निकामी झाले होते आणि पुढच्या पायांवर ती स्वतःला ओढत होती, काकांच्याच दिशेने, कारण दुसरीकडे भिंत होती. काका पाइप दोन्ही हातांनी वर नेत आणि सावकाश, नेम धरून खाली आणत. चेहऱ्यावर राग नव्हता. काम करताना असतो तसा चेहरा होता. सात-आठ पुरुष लांब उभे होते. एक जण फोनवर चित्रण करत होता.

मुलगी मधे शिरली आणि कुत्रीवर आडवी पडली. काकांचा पाइप हवेत थांबला. तो त्यांनी तिच्यावर आणला नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. "बाजूला हो," ते म्हणाले. कुत्रीच्या तोंडातून फेसाळ रक्त आलं, ती थरथरली आणि संपली. मुलीला ते हाताखाली कळलं असावं. ती उठली आणि शेजारी पडलेलं भांडं उचलून तिने काकांच्या तोंडावर भिरकावलं. कडेने भुवई फाटली. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं.

मग ते बघे पुढे आले. "म्हाताऱ्याला मारते!" बी ब्लॉकवाल्याने तिला केसांना धरून मागे खेचलं आणि तिचा हात पाठीमागे पिळला. मी अगदी जवळ होते. मनगटातून आवाज आला, वाळलेली काटकी मोडल्यासारखा. ती खाली पडली. दोघांनी तिला लाथा मारल्या, एक कमरेत, एक पोटात. मी त्यातल्या एकाचा शर्ट धरला, त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. जीभ खारट झाली. कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, "और मारो, और मारो." एका बाईचा आवाज होता तो, वरच्या बाल्कनीतून.

तेवढ्यात काच फुटली. काकांनी पाइप शेजारच्या गाडीच्या समोरच्या काचेवर घातला होता. ती त्यांचीच गाडी. पुन्हा एकदा घातला. सगळे थिजले. डोळ्यांत उतरणारं रक्त पुसत काका म्हणाले, "पोरीला सोडा. सोडा म्हणतो नं मी!"

पोलीस ठाण्यात आम्ही सगळे होतो, मुलीचा हात तात्पुरता लाकडी पट्टीला बांधलेला. समोर एक महिला उपनिरीक्षक. तिला हिंदी बेताचीच येत होती, आणि आमच्यातल्या बाकी कुणाला कन्नड येत नव्हती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तुम्हीच सांगा हे काय म्हणतात ते."

म्हणून मी एकेकाचं बोलणं कन्नडमध्ये सांगू लागले, त्यांच्याच तोंडून सांगावं तसं. मी बी ब्लॉकवाला झाले: मी तिला मारलं नाही, वृद्ध माणसापासून फक्त बाजूला केलं, हात तिचा तिनेच हिसडला. मी ती मुलगी झाले: माझ्या कुत्रीला ठार मारलं, माझा हात मोडला, मला लाथा घातल्या. काका मराठीत बोलले, तेही मी सांगितलं: माझ्या बायकोला फाडलं त्या कुत्रीला मी मारलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. प्रत्येक वेळी कन्नडमध्ये 'मी' म्हणताना माझ्या फुटलेल्या ओठातून कळ येत होती. सगळ्यांचं म्हणणं मी चोख सांगितलं. वर्गात सांगते तसंच. प्रत्येकाला त्याचं माप.

उपनिरीक्षिकेने पेन खाली ठेवलं. "सरी मॅडम. यांचं झालं. नीवु एनु नोडिद्री? तुम्ही काय पाहिलंत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आधी कन्नडमध्ये आणि मग, काकांना कळावं म्हणून, मराठीत सांगितलं. काकूंवर गल्लीतली कुत्री तुटून पडली, मी तिथे होते. ही म्हातारी कुत्री त्यांच्यात नव्हती. त्याच वेळी ती जनरेटरपाशी झोपली होती, मी तिच्याजवळून गेले होते. काकांनी तिला पाइपने मारलं. मुलीने काकांना भांडं मारलं. या माणसाने मुलीचा हात पिरगळून मोडला. त्या दोघांनी तिला खाली पाडून लाथा मारल्या.

बी ब्लॉकवाला काहीतरी बोलायला लागला, त्याला उपनिरीक्षिकेने हाताने गप्प केलं. काका मात्र माझ्याकडेच बघत होते. भुवईवर पट्टी, एक डोळा सुजून बंद.

"मला ती तीच दिसली, बाई," ते म्हणाले. "खाली आलो, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला ती तीच दिसली. माझ्यासाठी ती तीच होती. तुम्हीच शिकवलंत नं हे?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यांच्याइतक्या आस्थेने वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे.

"दिसली असेल, काका," मी म्हणाले. "पण ती नव्हती."

त्यांनी मान खाली घातली. नंतर ठाण्यात आणि बाहेर पडल्यावरही ते माझ्याशी बोलले नाहीत. समोरासमोरची दारं आमची. ते दार उघडत आणि मी बाहेर असले तर परत लावून घेत.

पुढे जे झालं ते कुणाच्याच मनासारखं झालं नाही. बी ब्लॉकवाल्याला जामीन मिळाला आणि तो सोसायटीच्या समितीवर निवडून आला. समितीने मुलीला समजुतीने घ्यायला सांगितलं. तिने घेतलं नाही, पण घरमालकाने घर रिकामं करायला लावलं आणि ती महादेवपुऱ्याला राहायला गेली. तिच्या मनगटात सळई घातली आहे. काकांवर प्राण्याला क्रूरपणे मारल्याचा गुन्हा आहे, तारखा पडतात. गल्लीतली कुत्री महापालिकेची गाडी घेऊन गेली आणि काही आठवड्यांनी परत आणून सोडली, नियम तसाच आहे म्हणे. काळंही आलं. मी आता प्लॉटच्या बाजूने जात नाही. रिक्षा फाटकाच्या आत बोलावते.

रविवारचा वर्ग बंद पडला. कॉलेजात मात्र सोफिस्ट शिकवावेच लागतात. यंदा शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारलं, "म्हणजे मॅडम, कुणीच चूक नसतं?" पूर्वी अशा प्रश्नावर मी तासभर खूश होऊन बोलायचे. या वेळी माझ्या पोटरीवरच्या व्रणाला खाज सुटली. मी म्हटलं, वाऱ्याबद्दल बोलत होते ते लोक. गार की ऊबदार, याबद्दल. कुत्रं कुठे होतं, याबद्दल नाही. तो बिचारा वहीत 'कुत्रं' असं लिहून माझ्याकडे बघत राहिला.

एका दुपारी काका बँकेत गेले असताना काकू माझ्याकडे आल्या. गालावरची खूण पांढुरकी झाली होती. उजव्या हातावर कातड्याच्या ठिगळांची जाळी. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने धरला.

"तू ठाण्यात म्हणालीस, त्या कुत्र्यांत ती लंगडी नव्हती म्हणून."

"नव्हती, काकू."

"मला माहीत आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मला चावलं ते काळं. त्याच्या डोळ्यात मी इतक्या जवळून बघितलंय की झोपेतही ओळखीन. एक पांढरं होतं, एक पिवळट, शेपूट तुटकं. लंगडी आमच्या दारात कितीदा यायची, मी तिला पोळी घालायचे. यांना माहीतसुद्धा नव्हतं."

"मग तुम्ही काकांना सांगितलं नाहीत?"

"मला विचारलंच कुठे कुणी?" काकू म्हणाल्या. "मी इस्पितळात पडलेली. हे यायचे, हात बघायचे, जायचे. फोटो काढून नेला माझ्या हाताचा सगळ्यांनी. ग्रुपवर टाकला. भांडले. पोरीला मारलं. मुकं जनावर मारलं. चावलं कोणी, ते मला विचारायचं नं! एवढी माणसं, आणि एकाला वाटलं नाही."

मीही विचारलं नव्हतं. मी तर तिथे होते. मला विचारायची गरजच वाटली नव्हती. तसं मी म्हणाले. काकूंनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी त्या मुलीचा नंबर मागितला. त्यांना एका हाताने फोन चालवता येत नाही, म्हणून मीच लावून दिला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे ऑफिसातली गडबड, मग दार बंद झाल्याचा आवाज. मुलीने "हॅलो मॅम" म्हटलं. मी म्हटलं, "काकू बोलतायत."

काकू पुढे वाकल्या आणि फोनशी तोंड नेऊन, जरा मोठ्यानेच, म्हणाल्या, "तुझी मूठ वळते का गं आता?"

"पूर्ण नाही वळत, काकू."

"माझीपण नाही. तो रबराचा चेंडू दाबायला देतात, ते करतेस का?"

"कंटाळा येतो."

"मलाही येतो. पण करायचं," काकू म्हणाल्या, आणि सकाळी गरम पाण्यात हात बुडवून मग चेंडू दाबला की कमी दुखतं, ते तिला समजावून सांगू लागल्या.